कबुलीची वाट पाहणे

कोणी दुखावले असेल तर "झाले गेले विसरून जा" असे सांगणारी माणसे आपल्याभोवती पुष्कळ असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. परंतु हा सल्ला बहुतेकदा इतक्या घाईने दिला जातो, की दुखावलेल्या माणसाला आपले दुःखच कोणी नाकारले आहे असे वाटू लागते. क्षमेचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी या प्रक्रियेचे चार टप्पे मांडले आहेत आणि त्यांतला पहिला टप्पा आपल्या रागाकडे, झालेल्या इजेकडे डोळे उघडून पाहण्याचा आहे. क्षमा करण्याचा निर्णय त्यानंतर येतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जे घडले तो अन्याय होता असे स्पष्टपणे म्हणता आल्याशिवाय मनातली अढी सुटत नाही. ती फक्त आत दडपली जाते आणि भलत्याच वेळी, भलत्याच माणसावर निघते.

माझ्या एका अत्यंत जवळच्या मैत्रिणीने, मी केवळ विश्वासापोटी तिला सांगितलेली माझ्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगितली. त्या प्रसंगाचे तपशील इथे देण्याचे कारण नाही. त्यानंतर माझ्या मनाचे काय झाले, ते मात्र सांगायला हवे. भांडी घासता घासता मी तिच्याशी मनातल्या मनात बोलू लागे. मी प्रश्न विचारी, तिच्या वतीने मीच लंगडे उत्तर देई, ते उत्तर खोडून काढी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. मध्येच भान येई तेव्हा हातातले ताट केव्हाच स्वच्छ झालेले असे, नळ वाहत असे आणि दात एकमेकांवर घट्ट आवळलेले असत. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. त्या संभाषणांचा शेवट दर वेळी एकच असे: ती मान खाली घालून म्हणे, "हो, माझे चुकले." प्रत्यक्षात ती असे कधीच म्हणाली नाही.

शरीरावर याचा परिणाम होतो, हे प्रयोगातही दिसलेले आहे. मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्हलीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सहभागी व्यक्तींना आपल्याला दुखावणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसाविषयी विचार करायला सांगितले होते. कधी डूख धरून, तर कधी त्याच्याविषयी सहानुभूती आणि क्षमा मनात आणून. जुना घाव उगाळताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब अधिक वाढत होते, कपाळावर आठ्या घालणारे स्नायू अधिक ताणले जात होते. समोर कोणीही नसताना, केवळ आठवणीने हे घडत होते.

तरीही आरोग्यासाठी राग सोडा, हा युक्तिवाद मला पुरेसा पडला नाही. दुखावलेल्या माणसाला रक्तदाबापेक्षा न्याय अधिक मोलाचा वाटतो आणि त्यात काही वावगे नाही. मला खरा उलगडा झाला तो मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९० सालच्या एका अभ्यासाने. त्यांनी एकाच व्यक्तीकडून दोन हकिकती लिहून घेतल्या: एक, दुसऱ्याने आपल्याला संतापवल्याची, आणि दुसरी, आपण दुसऱ्याला संतापवल्याची. पहिल्या प्रकारच्या हकिकतींत समोरच्याचे वागणे अकारण, अनाकलनीय वाटत होते आणि त्याचे परिणाम दीर्घकाळ रेंगाळत होते. दुसऱ्या प्रकारच्या हकिकतींत मात्र त्या वागण्याला काही ना काही कारण होते, आणि तो प्रसंग केव्हाच संपून गेलेला होता. लिहिणारी माणसे तीच होती, केवळ बाजू बदलली होती.

हे वाचल्यावर माझ्या लक्षात आले, की मी जिची वाट पाहत होते ती कबुली माझ्या शब्दांत, माझ्या दुःखाच्या मापाने येणे जवळजवळ अशक्य होते; कारण माझ्याइतका तो प्रसंग मैत्रिणीच्या आयुष्यात जिवंतच नसणार. मग मी आठवण पुसून टाकण्याचा नाद सोडला आणि ती वाट पाहणे तेवढे थांबवायचे ठरवले. तिचे वागणे चुकीचे होते, हा माझा निर्णय कायम राहिला. त्यावर तिची सही मिळवण्याचा आग्रह मी सोडला.

अर्थात, ठरवले म्हणून लगेच मन निवळले नाही. एव्हरेट वर्दिंग्टन हे मानसशास्त्रज्ञ निश्चयाने केलेली क्षमा आणि भावनेतून झालेली क्षमा यांत फरक करतात. पहिली एका क्षणात होऊ शकते, दुसरी आपल्या गतीने येते. घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या आईची हत्या केली होती, म्हणून त्यांचे म्हणणे मला नुसते पुस्तकी वाटत नाही. मैत्रिणीचे नाव कानावर पडताच माझ्या पोटात कालवाकालव होणे निश्चयानंतरही बराच काळ चालू होते. फरक एवढाच, की त्यानंतर मनातले संभाषण मी पुढे वाढवत नसे.

ज्यांना अजूनही रोज दुखावले जात आहे, त्यांना मात्र यातले काही लागू करू नये. तिथे राग हा स्वतःला वाचवण्याचे बळ देतो आणि आधी त्या जाचातून बाहेर पडणे आवश्यक असते.

ती मैत्रीण आता अधूनमधून भेटते. आम्ही एकमेकींची चौकशी करतो, मुलांविषयी बोलतो, कधी मनापासून हसतोही. घरातल्या गोष्टी मात्र मी तिच्यापाशी बोलत नाही. त्यामागे आता राग उरलेला नाही; पुन्हा विश्वास ठेवावा असे काही तिच्याकडून घडलेले नाही, आणि तसे घडले तर मी त्याचा वेगळा विचार करीन.