टब-नोंद ७ : गवती चहाने आखलेली लाल रेघ

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की आंघोळीच्या पाण्यात सुगंधी तेल घालायचं तर थेंब आधी खडेमिठात मुरवले की काम फत्ते. मंडळी, शब्द मागे घेते.

शनिवारी घडीच्या टबात ८० लिटर पाणी (१५ लिटरच्या गीझरवर, म्हणजे तपश्चर्याच), अर्धी वाटी खडेमीठ आणि त्यात गवती चहाच्या तेलाचे ८ थेंब. पाच मिनिटांत चुरचुरायला लागलं. बाहेर येऊन बघते तर छातीवर पट्टीने आखल्यासारखी आडवी लाल रेघ. दोन्ही दंडांवरही तेवढ्याच उंचीवर. पाण्याखालचं अंग मात्र ठणठणीत! मीठ विरघळून गेलं, तेल वर तवंग धरून बसलं आणि त्यातलं सिट्रल (गवती चहाला वास देणारा, कातडीला झोंबणारा घटक) थेट कातडीला लागलं. साबणाने धुतलं, रात्रीपर्यंत उतरलं.

मग रविवारभर ओट्यावर काचेचे पेले. कोमट पाणी, प्रत्येकात एक थेंब. मीठ : लगेच तवंग. मध : तोच प्रकार, वर चिकचिक. म्हशीचं दूध : ढवळल्यावर आशा लावतं, दहा मिनिटांनी काठाशी पिवळं कडं. खोबरेलसुद्धा तरंगतंच, पण त्यात अर्क विरलेला राहतो, म्हणून अंगाला लागतो तो सौम्य. हा फरक मला सातव्या नोंदीत कळावा!

पॉलिसॉर्बेट २० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव, म्हणजे सोल्युबिलायझर) शेवटी आणलंच. लव्हेंडर तेलाच्या चौपट पॉलिसॉर्बेटमध्ये स्वच्छ विरघळलं. पाणी नितळ बघून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. गवती चहाला सहापट लागलं. वाळा दहापटीतही गढूळच. हट्टी माणूस. तेल आणि पॉलिसॉर्बेट आधी पाण्याशिवाय एकत्र करायचं, मग पाण्यात. पाणी घालून बाटलीत साठवलं तर प्रिझर्वेटिव्ह लागेल आणि त्या भानगडीत मला पडायचं नाही.

थेंब मोजणंही बंद. वाळ्याचा थेंब जाड, लव्हेंडरचा बारीक, शिवाय प्रत्येक ड्रॉपरचं तोंड वेगळं. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, बाकीची खरेदी नंतर. गवती चहा त्वचेवर ०.७ टक्क्यांपुढे नको, म्हणजे १५ ग्रॅम तिळाच्या तेलात जेमतेम ०.१ ग्रॅम. माझे ८ थेंब त्याच्या दुपटीहून जास्त, तेही तिळाच्या तेलासारख्या बेसशिवाय. दालचिनी आणि लवंग माझ्या टबाच्या आसपासही येणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी उघडलेलं लव्हेंडरही बाद : हवा लागून जुनं झालेलं तेल ताज्यापेक्षा जास्त खाज आणतं. ते आता फरशीला. आणि जो दुकानदार बॅच नंबर विचारल्यावर ‘ताई, शंभर टक्के नॅचरल’ एवढंच सांगतो, त्याच्याकडून मी पुन्हा घेणार नाही.

पुढचा बेत वाळ्यासाठी दुसरा सोल्युबिलायझर मागवायचा होता. पण हे लिहितालिहिताच डोक्यात आलं, तेलच कशाला? माठात आपण वाळ्याची जुडी टाकतोच की! मुळं मलमलच्या पुरचुंडीत बांधून गरम पाण्यात सोडली तर तवंगाचा प्रश्नच नाही, वासही मातीचा, हवा तसा. ऑर्डर रद्द केली. पुरचुंडी आत्ता बादलीत आहे, अर्धा तास झाला. पाणी फिकट चहासारखं झालंय आणि वास... अजून नाकाला शोधावा लागतोय. मुळं ठेचून बघते.