सरोवराच्या तोंडापासून खाली

आजचा दिवस सरोवरातून निघणाऱ्या एका छोट्या डोंगरी नदीच्या काठाने चालण्यात गेला. अशी नदी समजून घ्यायची तर सुरुवात उगमाच्या उंबरठ्यापासूनच करावी. तिथे खडकाची किंवा हिमोढाची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीची, कड असते. वर पाणी किती उंचीपर्यंत साठणार हे ती ठरवते. ती झिजली की सरोवराची पातळीही उतरते.

वरून आलेला गाळ सरोवरात बसतो, म्हणून बाहेर पडणारं पाणी नितळ. रोन नदी जिनिव्हा सरोवरात गढूळ शिरते आणि स्वच्छ होऊन निघते, ती याचमुळे. पण वाहून न्यायला गाळ नसला की पाण्याची ताकद तळ खरवडते. वाळू निघून जाते, मोठे गोटे तेवढे उरतात. पूरही इथे उशिरा येतो, बुटका असतो, सावकाश ओसरतो. पहिला ओढा येऊन मिळाला की मात्र हे सगळं बदलू लागतं!

प्रवाह मोजायचा तर सरळ, एकसारखा 10 मीटरचा पट्टा निवडा. काठी सोडली आणि 20 सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला 0.5 मीटर. रुंदी 4 मीटर, सरासरी खोली 0.3 मीटर असेल तर वेग, रुंदी आणि खोली या तिन्हींचा गुणाकार 0.6. तळाशी पाणी हळू असतं, म्हणून त्याला 0.85 ने गुणा: सेकंदाला सुमारे 0.51 घनमीटर. खडबडीत तळावर हा गुणक आणखी कमी धरावा. खोली फक्त मधोमध मोजली की उत्तर हमखास फुगतं. काठापासून काठापर्यंत निदान पाच जागी मोजाच.