लशीच्या गाडीबरोबर दोन दिवस: जाणाऱ्यांनी हे वाचून निघा

गाडी सहाला निघणार होती, निघाली सव्वासातला. कारण आइसपॅक. डीप फ्रीजरमधून काढलेले पॅक ओट्यावर मांडून भांडारपाल एकेक कानाशी धरून हलवत होते. आत पाण्याची खळखळ ऐकू आली की बर्फ सुटू लागला, आता लस गोठणार नाही; मगच तो पॅक कोल्ड बॉक्समध्ये. मीच घाई केली. "तापमान नोंदवणारा लॉगर आहे की आत, काही झालं तर मोबाइलवर अलार्म येईल." शेवटच्या बॉक्सचे पॅक त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत, न ऐकताच भरले.

बाकी भरणी झकास. खोक्यावरचा चौकोनी कोड स्कॅन केला की उत्पादन, बॅच, मुदत सगळं पडद्यावर. कुणाची मुदत आधी संपते, यावर वाद उरत नाही.

पहिल्या घाटानंतर रेंज गेली ती गेलीच. म्हणून केंद्रांची यादी, नकाशा आणि मागचा साठा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. पॉवर बँक हवीच.

दुसरं केंद्र साठ्याच्या अ‍ॅपच्या डॅशबोर्डवर लाल होतं: पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची लस) शून्य. फ्रिज उघडला तर चार व्हायल, म्हणजे लशीच्या बाटल्या! केंद्रातल्या ताईंनी रकाना रिकामा सोडला होता, प्रणालीने त्याचं शून्य केलं. पुढच्या केंद्रात उलटं. नोंद ३०, हातात व्हायल ३. एका व्हायलमध्ये १० डोस. ताईंनी डोस भरले, अ‍ॅपला व्हायल हव्या होत्या. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तेव्हा आधी हाताने मोजा, रजिस्टरच्या पानाचा फोटो घ्या, मग अ‍ॅप उघडा. उलट केलं की फ्रिजमध्येही पडद्यावरचाच आकडा दिसायला लागतो.

संध्याकाळी मुक्कामी रेंज आली आणि फोन ओरडायला लागला. शेवटचा बॉक्स, दुसऱ्या दिवशी वाटायचा, सकाळीच तासाभराहून जास्त उणे ०.५ अंशांच्या खाली होता. लॉगरच्या पडद्यावर खूण दुपारीच दिसली असती, पण माझी सगळी भिस्त मोबाइलवर. प्रत्येक थांब्यावर लॉगर बघा.

व्हायलवरच्या व्हीव्हीएमचा (उष्णता लागली की गडद होणारी खूण) चौकोन मात्र पांढरा स्वच्छ. तो उष्णता दाखवतो, गोठणं त्याला कळत नाही. ही पेंटाव्हॅलंट लस २ ते ८ अंशांत ठेवायची. एकदा गोठली की संपली.

मुक्कामाच्या केंद्रात डीप फ्रीजर होता म्हणून शेक टेस्ट, म्हणजे लस गोठली होती का हे हलवून बघणं, जमली. त्याच बॅचची एक व्हायल रात्रभर मुद्दाम गोठवली, सकाळी वितळू दिली. ती आणि बॉक्समधली संशयित, दोन्ही एकत्र हलवून उजेडात ठेवल्या. थोड्या वेळात दोन्हींच्या तळाशी सारखाच गाळ, वर नितळ पाणी. म्हणजे संशयितही गोठली होती. अख्खा बॉक्स बाद.

बाद माल वेगळा बांधा, वर ठळक 'वापरू नये' लिहा. अ‍ॅपमध्ये कारण 'गोठली' हेच निवडा. आमच्या यादीत 'मुदत संपली' पहिलं होतं. घाईत बोट तिथेच जातं आणि गोठून वाया गेलेला माल कुठल्याच अहवालात येत नाही.

परतल्यावर भांडारपाल काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेचे पॅक ओट्यावर होते. त्यातला एक उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.