तुम्ही विचारलंत म्हणून: रणधुमाळीतले शेलापागोटे

जुनी अमेरिकन इयरबुकं वाचायचा मला नाद आहे, हे ज्यांना ठाऊक आहे ते कधी ना कधी एकच प्रश्न विचारतात. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात शाळा संपवणारी ही पोरं एकमेकांची एवढी टिंगल करूच कशी शकली? पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते त्यांना कळत नव्हतं का? विचारणाऱ्याच्या स्वरात थोडी कणव असते आणि थोडा रागही. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी हसून टाळत नाही.

आधी ही चीज काय असते ते सांगते. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाचा फोटो, त्याखाली नाव, टोपणनाव, कुठल्या संघात खेळला, कुठल्या नाटकात होता, आणि एक-दोन ओळींचा शेरा. शेरा लिहिणारे वर्गातलेच. मग मतदानानं दिलेली बिरुदं: सगळ्यात देखणा, सगळ्यात बडबडी, नाव काढील असा. मग वर्गाचं भविष्य, म्हणजे वीस वर्षांनी कोण कुठे असेल त्याच्या थापा. आणि वर्गाचं मृत्युपत्र. त्यात जाणारी मुलं मागे राहणाऱ्यांना आपली शेवटच्या बाकावरची जागा, उशिरा येण्याच्या सबबी, गणिताच्या बाईंची नाराजी असला ऐवज रीतसर वारसाहक्कानं देऊन जातात. आपल्याकडे गॅदरिंगला फिशपाँड पडायचे, त्याआधीच्या पिढ्यांत शेलापागोटे वाटायचे, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे तो छापून, बांधून मिळतो आणि ज्याच्यावर पडला तोच पैसे मोजून विकत घेतो.

लोकांना खटकतं ते मुख्यतः हे मृत्युपत्र. अठरा वर्षांचा मुलगा 1943 साली गमतीत मृत्युपत्र करतो म्हणजे काय! पण ही प्रथा युद्धाच्या आधीपासूनची. ती त्या वर्षापुरती गाळायची तर कुणीतरी वर्गात उभं राहून कारण सांगायला हवं होतं, आणि ते कारण मोठ्यानं म्हणायची कुणाची तयारी असेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा सबबी वाटून टाकणं सोपं.

आता कळत नव्हतं का, त्याबद्दल. 1942 च्या वर्गाचं मी समजू शकते. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा त्यांचं शाळेचं वर्ष जवळजवळ निम्मं सरलं होतं, अंकाची जुळवाजुळव चालू होती. त्यामुळे त्या सालच्या अंकांत अर्पणपत्रिकेत युद्ध, आणि आत फुटबॉल, नाटक, नाच सगळं शांततेतलं, असा बेमेळ दिसतो. पुढच्यांना मात्र तसली सवलत नव्हती. नोव्हेंबर 1942 मध्ये सक्तीच्या भरतीचं वय विसावरून अठरावर आलं. शाळेच्या शेवटच्या सहामाहीत बोलावणं आलं तर वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबायची मुभा मागता येई, बस्स. नौदलात तर सतराव्या वर्षीच, आईवडिलांनी सही दिली की, जाता येत होतं. काही मुलं परीक्षेआधीच गेली आणि त्यांची प्रमाणपत्रं समारंभात आईबापांनी घेतली. अंकात त्यांच्या फोटोखाली नुसतं ‘सैन्यात’ असं असतं, आणि शेजारच्या फोटोखाली डबा चोरणाऱ्याची थट्टा.

कळत होतं हो. जॉर्ज बुश, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले (दोघांतले थोरले), ते 12 जून 1942 रोजी अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमीतून बाहेर पडले. त्या दिवशी त्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली. समारंभाला युद्धमंत्री हेन्री स्टिमसन स्वतः आले होते, आणि त्यांनी मुलांना सांगितलं की युद्ध लांबणार आहे, घाई करू नका, आधी कॉलेजात जा. बुशनी त्याच दिवशी नौदलात नाव घातलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1944 मध्ये, चिचिजिमा बेटाजवळ त्यांचं विमान पाडलं गेलं. ते वाचले, विमानातले दोन सोबती गेले. आता, खुद्द युद्धमंत्री ‘थांबा’ म्हणत असताना न थांबणाऱ्या मुलाला पुढचं माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

मग थट्टा कशी सुचली? माझं म्हणणं असं की युद्धानं त्यांची थट्टा थांबवली नाही, उलट तिला नवा माल पुरवला.

प्रत्येक वर्गात एक मोटारवाला असतो. त्याची फोर्ड धड चालत नसते, पण पोरींना घरी सोडायला तोच पुढे. जानेवारी 1942 पासून टायरांवर नियंत्रण आलं, वर्षाखेरीला देशभर पेट्रोलचं रेशनिंग झालं. ‘अ’ वर्गाचं, म्हणजे साध्या खाजगी मोटारीचं, स्टिकर लावणाऱ्याला आठवड्याला तीन-चार गॅलन मिळायचं, आणि वेगाची मर्यादा ताशी 35 मैल. सरकारनं भिंतीभिंतीवर विचारलं होतं, हा प्रवास खरंच गरजेचा आहे का? वर्गातून बाहेर जायला दहा मिनिटांनी एकदा परवानगी मागणाऱ्या पोरावर हा प्रश्न आपोआप चिकटतो, विनोद करणाऱ्याला वेगळे कष्टच नाहीत. मोटारवाल्यानं मृत्युपत्रात काय ठेवावं? झिजलेली चार टायरं. आणि ती मागच्या वर्गाला खरंच हवी असायची.

एक छानछोकी असतो. युद्धसामग्री मंडळानं कापड वाचवायला पुरुषांच्या पँटच्या पायाची दुमडही बंद केली, त्याच काळात लांबलचक कोट आणि फुगीर पँटचा झूट सूट जोरात होता. जून 1943 मध्ये लॉस एंजलिसला त्या वेशावरून मेक्सिकन वंशाच्या पोरांना खलाशांनी रस्त्यात मारझोड केली, तेव्हा हा विनोद सगळीकडे निरुपद्रवी होता असं नाही. पण वर्गापुरतं, तुझ्या एका पँटमध्ये अख्ख्या पलटणीच्या टोप्या निघतील, एवढंच.

एक नाचरा असतो. फेब्रुवारी 1943 नंतर माणशी वर्षाला तीन जोड बूट. त्याचे तळवे एका नाचात संपतात, म्हणजे उरलेलं वर्ष त्यानं बसून काढावं. खादाडाला साखरेची कूपनं, गप्पिष्टाला ‘भिंतींना कान असतात’ छापाच्या सरकारी इशाऱ्यांचा प्रसाद.

आणि मुली. मला वाटतं खरी गंमत तिकडेच आहे. मुलगे कमी होत गेले तसं अंकाचं संपादकपद, वर्गाचं अध्यक्षपद, बँडमधली मोठी वाद्यं हे बऱ्याच ठिकाणी मुलींकडे आलं, आणि लेखणी हाती आल्यावर त्यांनी उरल्यासुरल्या मुलग्यांना सोडलं नाही. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं असा चष्मिष्ट पोरगा नाचाच्या रात्री अचानक मोलाचा ठरतो, आणि त्याच्या फोटोखाली त्याच्या वाढलेल्या भावाची नोंद होते. नायलॉन पॅराशूटला गेलं म्हणून मुली पायांना रंग फासून भुवयांच्या पेन्सिलीनं मोज्यांची मागची शिवण काढत. ती जिची नेहमी वाकडी जायची तिला भूमितीचं बक्षीस. 1943 मध्ये कॅडेट नर्स कोअर सुरू झालं. हायस्कूल झालेल्या सतरा ते पस्तीस वयाच्या स्त्रियांना फुकट प्रशिक्षण, वर गणवेश. बेडूक फाडताना जिला घेरी आली होती तीच नाव नोंदवायला पहिली. अशा मुलीवर दोन ओळी लिहायला कुणाला आनंद होणार नाही?

तुम्ही म्हणाल, पण पुढची पानं गंभीर असतातच की. असतात. ध्वज, गरुड, स्वातंत्र्य, त्याग. मी ती वाचते आणि विसरते. मेनमधल्या शाळेचं अर्पणपत्र टेक्सासमधल्या शाळेच्या अंकात चिकटवलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. शेरे मात्र हलवून पाहा. बेडकाला घाबरणारी मुलगी दुसऱ्या वर्गात बसत नाही. त्या पोराचं हसणं, त्याचा उशीर, त्याचं कर्कश ट्रम्पेट, हे टिपलंय ते फक्त टिंगल करणाऱ्यांनी. अमेरिकेचे सुमारे चार लाख सैनिक त्या युद्धात गेले. सन्मानाच्या यादीत त्यांची नावं एका टाइपात, एका मापात आहेत. मुलगा कसा होता ते कळायला फिशपाँडच उघडावा लागतो.

सगळाच विनोद गोड आहे असं मात्र मी सांगणार नाही. जाड्या मुलांचे हाल आहेत, परक्या आडनावांची मोडतोड आहे, आणि जपान्यांची पुढे आलेल्या दातांची व्यंगचित्रं तर इतकी की मी पानं भराभर उलटते.

कारण त्याच सुमारास दुसरीकडेही इयरबुकं निघत होती. फेब्रुवारी 1942 च्या आदेशानं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन. कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनार छावणीत दहा हजारांवर माणसं होती, म्हणून शाळा निघाली, शाळा निघाली म्हणून शेवटचा वर्ग आला आणि त्या वर्गानं 1944 मध्ये ‘अवर वर्ल्ड’ नावाचं इयरबुक काढलं. छावणीतले फोटोग्राफर तोयो मियाताके यांनी सुरुवातीला लपवून आणलेल्या भिंगाभोवती लाकडी कॅमेरा बांधला होता; पुढे त्यांना उघडपणे फोटो काढायची परवानगी मिळाली. या अंकात काय आहे? कॉयर, नाटक, बेसबॉल, हसरी पोरं. म्हणजे तेच सगळं. तारेच्या कुंपणाआड मुलांनी हट्टानं इतर कुठल्याही हायस्कूलसारखं इयरबुक काढलं. मला हा अंक धीटपणाचा वाटतो. काहींना तो केविलवाणा वाटतो, त्यांच्याशी मी भांडते. जानेवारी 1944 मध्ये याच मुलांना सक्तीची भरतीही लागू झाली. कुंपणातून थेट सैन्यात.

राहिलं वर्गाचं भविष्य. सगळ्यात हमखास भाकीत ढ पोराचं: 1960 उजाडलं तरी हा इथेच, याच बाकावर. जून 1944 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलण्याच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या जोरावर बावीस लाखांच्या आसपास माजी सैनिक कॉलेजात शिरले. 1947 मध्ये कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे तेच होते. एरवी कॉलेजचं तोंडही न पाहणारी कितीतरी पोरं त्यांत होती, बायकामुलांसह, सरकारी पैशानं. शेवटच्या बाकावरची काही असणारच. तेव्हा त्या अंकांतल्या नाव काढणाऱ्यांची मला फारशी चिंता नाही. ढ म्हणून शिक्का मारलेल्यांचं पुढे काय झालं, त्याच्या मागावर मात्र मी असते.