‘लष्करी’ या एका शब्दापायी अडतीस दिवस

विंड टनेलची (मॉडेलवर वारा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्याची) परवानगी दोन दिवसांत मिळते, असं आमच्या गाइड सरांनी सांगितलं होतं. मला अडतीस दिवस लागले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता अ‍ॅव्रो एचएस-७४८ वर. हवाई दलाचं हे जुनं मालवाहू विमान. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओने हवेतून टेहळणीसाठी त्याच्या पाठीवर २४ फूट व्यासाची फिरती रडार-थाळी बसवली आणि १९९० मध्ये ते उडवलंही. ११ जानेवारी १९९९ ला तमिळनाडूतल्या अरक्कोणमजवळ ते कोसळलं. आत असलेले आठही जण गेले, प्रकल्पही गुंडाळला गेला. मला बघायचं होतं ते इतकंच, की थाळीमागची ढवळलेली हवा शेपटीपर्यंत कशी पोचते.

टनेल दुसऱ्या कॉलेजात. अर्जावर मी अभिमानाने शीर्षक घातलं : ‘लष्करी मालवाहू विमानातील प्रायोगिक बदल व त्यांचे अपयश’. आवक खिडकीवर शिक्का बसला आणि अर्ज गडप. नवव्या दिवशी कळलं, त्यावर शेरा पडलाय. पहिल्या टेबलावरचे सर म्हणाले,

"अगं, लष्करी म्हणजे संरक्षण खातं. त्यांचं ना-हरकत पत्र आण."

"सर, विमान १९९९ ला पडलंय. सगळं पेपरात आलंय."

"मग पेपरवाल्यांचं आण."

हसू नका, मी खरंच कात्रणं नेली. ती फाइलला जोडायला लेटरहेडवर वेगळा अर्ज लागतो म्हणे. लेटरहेड एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) कपाटात, एचओडी नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या तपासणीच्या, कामात. मग दुसऱ्या टेबलाला ‘अपयश’ खटकलं : आमच्या लॅबमध्ये अपयश कशाला? तिसऱ्याने विचारलं, मॉडेल उडणार का? उडणार नाही, टेबलावर स्क्रूने बसवणार, असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. (शंभर रुपये गेले.) सदतिसाव्या दिवशी शिपाईकाका म्हणाले, "पोरी, नाव बदल की." ‘थाळीच्या मागील वायुप्रवाहाचा अभ्यास’ असा नवा अर्ज टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी सही!

प्रत्यक्ष चाचणी एका सकाळीत आटोपली. तुम्ही करणार असाल तर पंखांची रुंदी टनेलच्या रुंदीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर भिंतींमुळे आकडे फसवतात. आमचं मॉडेल १:७५ चं, थाळी जेमतेम दहा सेंटिमीटरची. शेपटीवर लोकरीचे धागे चिकटवले होते. थाळी नसताना ते सरळ पडून राहिले. थाळी लावून नाक वर केलं तसे उभ्या शेपटीवरचे धागे फडफडायला लागले. एवढ्या छोट्या मॉडेलचा रेनॉल्ड्स नंबर (आकार आणि वेगानुसार हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा) खऱ्या विमानाच्या कित्येक पटींनी कमी, तेव्हा यावरून अपघाताचं कारण सांगायला जाऊ नका. मीही सांगत नाही. पण मूळ सांगाडा ज्या भारासाठी बनलाच नव्हता, तो खांब रोवून पाठीवर चढवला की वजन, हवेचा अवरोध, शेपटीवरची गढूळ हवा आणि सांध्यांवरची थरथर हे सगळं एकदम सांभाळावं लागतं, हे धाग्यांकडे बघताना पटलं. पुढे एम्ब्राएर विमानावर बांधलेल्या ‘नेत्र’ या टेहळणी विमानामध्ये फिरती थाळी नाहीच, पाठीवर स्थिर लांबट अँटेना आहे.

हो, राहिलंच : धागे फेव्हिक्विकने चिकटवू नका, कडक होतात. आणि अर्जाची झेरॉक्स शिक्क्यासकट ठेवा.

सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्टवर मी जुनंच शीर्षक टाकलं. कुणी काही विचारलं नाही.