पर्सिगचं पुस्तक पुन्हा वाचताना

रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' (1974) विशीत एका दमात वाचलं होतं. बाप-लेकाचा मोटरसायकल प्रवास आणि वाटेत बापाच्या, म्हणजे निवेदकाच्या, मनात चाललेलं तत्त्वचिंतन, असं हे पुस्तक. तेव्हा मला ओढ होती ती 'क्वालिटी'वरच्या, म्हणजे एखादी गोष्ट चांगली कशामुळे ठरते यावरच्या, विचारांची. आमच्या वाचनगटाने तेच निवडलं आणि पुस्तकाचं पारडं दुसरीकडे झुकलं.

चार भाग आहेत, तेव्हा एका बैठकीत एक भाग असं ठरलं. तिसऱ्या भागाने ते वेळापत्रक मोडलं. क्वालिटी वस्तूतही नाही आणि पाहणाऱ्यातही नाही, या युक्तिवादापाशी चर्चा नुसती गोल फिरू लागली. मग एक नियम केला: आधी एकाने तो युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडायचा, तोवर बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. तत्त्वज्ञानाचं काहीही गटात वाचायचं असेल तर हा नियम मी आवर्जून सुचवेन. समजलंय असं वाटणं आणि सांगता येणं यांतलं अंतर तिथेच कळतं.

सगळ्यात रंगली ती हँडलची चर्चा. प्रवासातला सोबती जॉन, त्याच्या महागड्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचं हँडल घसरतंय. निवेदक म्हणतो, बिअरच्या कॅनचा पत्रा कापून पॅकिंग घालू. जॉन दुखावतो. गटातल्या एक इंजिनिअर ताई म्हणाल्या, "अहो, ॲल्युमिनियम मऊ असतं, गंजत नाही, याहून चांगलं पॅकिंग कुठलं?" त्यावर दुसऱ्याने जॉनची बाजू इतक्या कळकळीने मांडली, की पुस्तकातली क्लासिकल दृष्टी (वस्तू आतून कशी चालते ते पाहणारी) आणि रोमँटिक दृष्टी (ती कशी दिसते, भावते ते पाहणारी) म्हणजे काय ते वेगळं समजावायची गरजच उरली नाही.

त्याच ताईंनी पुढे सुचवलं, की चौथ्या भागाआधी फक्त ख्रिसची वाक्यं मोठ्याने वाचू. ख्रिस म्हणजे निवेदकाचा अकरा वर्षांचा मुलगा. पोटात दुखतंय, कंटाळा आलाय, आपण कुठे चाललोय... डोंगर चढताना तो रडतो आणि बाप मात्र मनातल्या व्याख्यानात गुंग. निवेदक ज्याला फीड्रस म्हणतो, तो म्हणजे वेडावरच्या उपचारात विजेचे झटके देऊन पुसलं गेलेलं या बापाचंच आधीचं व्यक्तिमत्त्व. मुलगा त्या हरवलेल्या माणसाला शोधतोय. शेवटी तो विचारतो, की तुम्हाला खरंच वेड लागलं होतं का? बाप नाही म्हणतो. माझ्या मते सगळं पुस्तक या एका उत्तरासाठी लिहिलंय, क्वालिटीचा शोधसुद्धा. गटातल्या दोघांना हे अजिबात पटलेलं नाही.

ख्रिसचा 1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खून झाला. 1984 च्या आवृत्तीला जोडलेल्या उपसंहारात पर्सिगने त्याबद्दल लिहिलंय. पहिल्यांदा वाचणाऱ्यांना आम्ही हे आधी सांगितलं नाही. चौथा भाग संपल्यावरच उपसंहार उघडायचा, एवढंच बजावलं. नव्या वाचकाला शेवटच्या पानांवरचा बाप-लेकांचा आनंद निर्भेळ मिळायला हवा, असं मला आजही वाटतं.