आर१०७ एसएलला डब्ल्यू१२४ ची चाकं: पाच बोल्ट बसले, पुढं काय?

मर्सिडीजची आर१०७ एसएल १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षं निघाली आणि त्यातल्या बहुतेक गाड्या १४ इंची चाकांवर आल्या. त्यांच्या टायरचं माप २०५/७० आर१४. हे टायर चांगल्या स्पीड रेटिंगमध्ये आणि ताज्या तारखेचे मिळवताना आज नाकी नऊ येतात. १५ इंचात मात्र निवड भरपूर. त्यात १९९५ पासून पुण्यात डब्ल्यू१२४ ई-क्लास तयार व्हायला लागली, त्यामुळं तिची १५ इंची अलॉय चाकं मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजूला शोधली की सापडतात. साहजिकच एसएलवाल्यांचा डोळा तिकडं जातो.

अडचण अशी की ही चाकं फारच सहज बसतात. दोन्ही गाड्यांचं पीसीडी ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ६६.६ मिमी, बोल्ट एम१२×१.५ (१२ मिमी जाड, दीड मिमी पिचचे आटे) आणि बोल्टची बैठक, म्हणजे तो चाकाला टेकतो तो भाग, तीही गोल. वेगळ्या मापाचं चाक असतं तर पहिल्याच बोल्टला अडलं असतं आणि माणूस विचारात पडला असता. इथं पाचही बोल्ट घट्ट होतात, फिटर हात पुसतो आणि खरी गडबड मागं राहते. ती असते ऑफसेटमध्ये आणि बोल्टच्या लांबीत.

ऑफसेट रिमवरच कोरलेला असतो: '६½ जे × १५ एच२ ईटी ४८' असं काहीतरी. चाक हबला (ज्यावर ते बोल्टनं बसतं तो गाडीचा फिरता भाग) ज्या सपाटीवर टेकतं ती रिमच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटरवर आहे, तो हा ईटी. आकडा वाढला की चाक गाडीच्या आत सरकतं. हिशेब कागदाच्या चिठोऱ्यावर होतो. रिमची रुंदी (वरच्या उदाहरणात ६½ इंच) मिलिमीटरमध्ये काढा आणि निम्मी करा. त्यात ईटी मिळवला की आतली कड हबच्या सपाटीपासून किती आत ते कळतं, वजा केला की बाहेरची कड.

मूळ ६½ जे × १४, ईटी ३० चं चाक घ्या. रुंदी १६५.१, निम्मी ८२.५५. आतली कड ११२.५, बाहेरची ५२.५. आता डब्ल्यू१२४ चं ६½ जे × १५, ईटी ४८: आतली १३०.५, बाहेरची ३४.५. म्हणजे चाक तब्बल १८ मिमी आत गेलं. बाहेरून गाडी खांदे पाडून उभी असल्यासारखी दिसते ते सोडा, पण आत टायरची भिंत टाय रॉड एंड, अँटी-रोल बार आणि मागच्या आर्मच्या जवळ जाऊन बसते. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. पूर्ण वळण घेऊन रॅम्प चढताना मात्र टायर घासतो.

डब्ल्यू२१० म्हणजे नंतरच्या ई-क्लासची ७½ जे × १६, ईटी ४१ ही चाकंही बाजारात दिसतात. ती २३.७ मिमी आत आणि १.७ मिमी बाहेर जातात. पंधरा मिमीचा स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती) टाकला तर आत अजूनही ८.७ मिमी जास्त आणि बाहेर १६.७ मिमी. मागच्या मडगार्डची आतली पट्टी दुमडल्याशिवाय ती बसत नाहीत, आणि एसएलच्या मूळ पत्र्यावर कोणी मडगार्ड रोलिंगचं हत्यार चालवावं हे मला तरी पटत नाही.

सगळ्यांत निर्धोक चाक आहे दुसऱ्या टप्प्यातल्या डब्ल्यू१२६ एस-क्लासचं, ७ जे × १५, ईटी २५. आत जेमतेम १.३ मिमी, बाहेर ११.३ मिमी. १९८५ च्या शेवटी एसएलमध्ये सुधारणा झाली तेव्हा कंपनीनं स्वतःच १५ इंची चाकं याच मापात आणि २०५/६५ आर१५ टायर दिले. त्याच वेळी पुढचं सस्पेन्शनही बदललं होतं, त्यामुळं आधीच्या गाडीवर ही चाकं लावली की स्टिअरिंगला खड्ड्याचा झटका किंचित जास्त जाणवतो. तेवढं चालतं. मुंबईत डब्ल्यू१२६ ची चारही चाकं मिळणं हा नशिबाचा भाग. मिळाली तर घासाघीस न करता उचला.

ती नाही मिळाली तर डब्ल्यू१२४ चं चाक आणि २० मिमीचा स्पेसर. ४८ मधून २० गेले की ईटी २८ उरतो, मूळ चाकाच्या फक्त २ मिमी बाहेर. हिशेबाला हे उत्तम, पण स्पेसर हबसेंट्रिक हवा: आत ६६.६ चं भोक, बाहेर ६६.६ चा गळा. सपाट चकती लावली तर चाक हबच्या गळ्यावर न बसता नुसत्या बोल्टांवर तोललं जातं आणि ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. मग टायरवाला तीनदा बॅलन्सिंग करून देतो आणि फरक पडत नाही, कारण दोष बॅलन्सिंगचा नसतोच. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून ओतलेली आणि लेथवर तासलेली चकती फुकट दिली तरी घेऊ नका. ओतीव मालात आत पोकळ्या राहतात आणि तडा बोल्टच्या भोकापासून जातो. ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियमचा घडीव किंवा बिलेट (सबंध ठोकळ्यातून कापलेला) माल मागा.

आता बोल्ट, आणि इथं घाई करू नका. मर्सिडीजचा बोल्ट गोल बैठकीचा असतो, एम१२ ला आर१२, म्हणजे १२ मिमी त्रिज्येची गोलाई. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात सर्रास मिळतो तो ६० अंशाच्या शंकूचा. तो गोल खळग्यात जातो, आवळला की घट्टही वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक रिंगेवर. काही दिवसांत ती रिंग अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतते आणि बोल्ट ढिला पडतो. खात्री करायची तर खळग्यात मार्कर फिरवा, बोल्ट हातानं बसवून थोडा फिरवा आणि काढून बघा. शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली तर बैठक जुळते. एकच रेघ उमटली तर बोल्ट परत करा.

लांबी मोजायची तर मूळ चाकात मूळ बोल्ट घाला आणि मागून, हबला टेकणाऱ्या सपाटीपासून तो किती बाहेर येतो ते व्हर्नियरनं मोजा. नवं चाक, त्याचा स्पेसर आणि नवा बोल्ट एकत्र धरून तेच माप घ्या. फरक एक-दोन मिमीपेक्षा जास्त नको. कमी पडला तर आटे पुरत नाहीत: बोल्ट निदान आठ पूर्ण वेढे हातानं आत गेला पाहिजे, म्हणजे दीडच्या पिचनं १२ मिमी. जास्त झाला तर मागच्या चाकांत वेगळंच दुखणं. एसएलला मागं डिस्क आहेत, पण हँडब्रेकचे शू त्या डिस्कच्या पोटातल्या छोट्या ड्रममध्ये असतात. लांब बोल्ट थेट तिथं पोचतो. म्हणून मागचं चाक आवळलं की गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि हातानं दोन-तीन वेढे फिरवा. टक-टक ऐकू आलं तर गाडी खाली उतरवू नका.

जुनी चाकं विकत घेताना आतली कड बोटानं चाचपा. मुंबईच्या खड्ड्यांनी वाकलेली आणि ठोकून सरळ केलेली कड डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळते. ताजं पावडर कोटिंग पाहून भुलू नका, त्याखाली वेल्डिंग लपतं. शंका असेल तर आतला रंग काढून डाय पेनेट्रंट टेस्ट (बारीक तडे रंगानं उघडे पाडणारी चाचणी) करून घ्या. बोल्टच्या खळग्यात आणि हबच्या सपाटीवर रंगाचा थर असेल तर तो काढायलाच हवा. रंग दबला की आवळणी सैल पडते. हबवर लावून डायल गेज धरा. एक मिमीपेक्षा जास्त झोल दिसला की चाक नापास.

चाकं चढवण्याआधी स्प्रिंगा आणि बुश बघा. बसलेल्या स्प्रिंगवर आणि फुटलेल्या बुशवर घेतलेली मापं कामाची नाहीत, कारण वळणावर चाक स्वतःच काही मिमी सरकतं. हबच्या गळ्यावरचा गंज वायर ब्रशनं काढा. समुद्राच्या हवेत लोखंडी हब आणि अलॉय चाक एकमेकांना असे चिकटतात की पुढच्या पंक्चरला चाक लाथा मारून काढावं लागतं. गळ्यावर कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या. बोल्टच्या आट्यांना आणि बैठकीला ग्रीस लावायचं नाही, नाहीतर टॉर्क रेंचचा आकडा खोटा ठरतो. ११० एनएम, कोरडे आटे, एकाआड एक बोल्ट. टायरवाल्याच्या न्यूमॅटिक गनला हात जोडून नाही म्हणा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

टायर घासतो का हे पाहायला शाडू माती झकास. गणपतीच्या कारखान्यात वाटीभर सहज मिळते. सुपारीएवढे गोळे मागच्या मडगार्डच्या पट्टीवर, आतल्या भिंतीवर, पुढं अप्पर आर्मजवळ आणि अँटी-रोल बारवर दाबून चिकटवा. टाकी भरा, डिकीत सिमेंटची पोती ठेवा, शेजारी वजनदार माणूस बसवा. सोसायटीच्या आवारात दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घ्या, पुढं आणि रिव्हर्सही, कारण रिव्हर्सला बुश उलट्या दिशेनं दबतात. मग स्पीडब्रेकर तिरका ओलांडा. गोळ्यावर टायरच्या नक्षीचा ठसा उमटला असेल तर उरलेली जाडी मोजा. आत सहा मिमी, मडगार्डला दहा. याखाली मी तरी समाधानी होणार नाही. कॅलिपर आणि रिममध्ये तीन मिमी पुरतात, पण शिशाची चिकटवायची वजनं नेमकी तिथं आली नाहीत ना ते पाहा.

टायरचं म्हणाल तर २०५/६५ आर१५ चा व्यास ६४७.५ मिमी, मूळ १४ इंचीचा ६४२.६. फरक पाऊण टक्का, स्पीडोमीटरला काही सांगायला नको. लोड इंडेक्स ९१ म्हणजे टायरमागे ६१५ किलो. त्याखाली जाऊ नका. बाजूला कोरलेले तारखेचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायची नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. एसएलवर कंपनीनंच दिलेल्या मापात राहिलात तर इन्स्पेक्टरला दाखवायला निदान आधार असतो. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर मूळ चौदा इंची चाकं विकून मोकळं होऊ नका.

आणि स्टेपनी. ती बहुधा मूळ १४ इंची लोखंडी चाकावरच राहते आणि लोखंडी चाकाला आखूड बोल्ट लागतात. स्पेसरचे लांब बोल्ट त्यात घातले तर तेच हँडब्रेकचं दुखणं, तेही भर पावसात फ्रीवेच्या कडेला. पाच आखूड बोल्ट कापडात गुंडाळून टूल किटमध्ये ठेवा, सोबत हबमध्ये फिरवायची गाइड पिन. स्टेपनी लावताना त्या चाकाचा स्पेसर आधी काढायचा, हे कागदावर लिहून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवा. गाडी नेहमी तुम्हीच चालवत असाल असं नाही.